न्हाणीतला उलटा पंखा

न्हाणीच्या भिंतीवर लोखंडी सब्बलेचा पहिला घाव वच्छलाबाईनंच घातला. दुसरं कोणी घालीना, मग काय करणार बिचारी! बिचारी म्हटलं खरं, पण त्या बाईला बिचारी म्हणणारा माणूस अख्ख्या दारव्ह्यात सापडला नसता.

लखीराम वायरमन शिडी टेकून, कानावर बिडी खोचून उभा होता. आणि त्याच्यासमोर, जिथं भोक पाडायचं तिथंच, भिंतीला पाठ लावून मैनाक्का उभी होती. मैनाक्का म्हणजे वच्छलाबाईच्या नवऱ्याची थोरली बहीण. कमी वयात विधवा होऊन माहेरी आली ती इथलीच झाली. चुलीपासून गोठ्यापर्यंत तिचा शब्द शेवटचा.

"पाड भोक," मैनाक्का लखीरामला म्हणाली. "पाड ना! पन आधी माह्या छातीत पाड."

लखीराम जवळच्या तांड्यातला. जिनिंगमध्ये काम करता करता विजेचं काम शिकला होता. वच्छलाबाईला तो 'याडी' म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. त्यानं कानावरची बिडी काढली, पुन्हा खोचली. "याडी, हे आपल्याच्यानं होनार नाही. तुमचा आपसात फैसला झाला का मले बलावजा."

"थांब गा," वच्छलाबाई म्हणाली. "आक्का, सरका."

"नाई सरकत."

"बरं मंग."

तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली सब्बल उचलली आणि मैनाक्काच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर अशी हाणली, की भिंतीचा पोपडा सुटून मैनाक्काच्या डोक्यावर माती भुरभुरली. मैनाक्का "अव माय व!" करत बाजूला झाली. दुसरा घाव बरोबर जिथं ती उभी होती तिथं बसला. तिसऱ्या घावाला पलीकडचा उजेड दिसला.

"आता ये," वच्छलाबाई लखीरामला म्हणाली, "आन् नीट गोल कर."

आता न्हाणीत पंखा कशाला, असं कोणीही विचारील. महाराष्ट्र वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दारव्ह्यात वीज आली होती, पण ज्याच्या घरी बल्ब लागला त्याच्या ओट्यावर संध्याकाळी लोक नुसते बघायला जमायचे. पुंडलिकरावांकडे, म्हणजे वच्छलाबाईच्या नवऱ्याकडे, कापूस-तुरीचं बरं शेत होतं, म्हणून बैठकीत एक बल्ब आणि माजघरात एक बल्ब एवढी श्रीमंती आलेली. अशा घरात डोक्यावर वारा घालणारा पंखा नाही, आणि ही बाई पंखा लावते कुठं, तर न्हाणीत! गल्ली हसली. हसणारच.

पण वच्छलाबाईला हसू येत नव्हतं, कारण तिची थोरली लेक त्या न्हाणीपायी जिवानिशी गेली होती.

त्या घरची एक रीत होती. बाळंतीण न्हाणीतच न्हायची आणि तिथंच शेकायची. न्हाणी म्हणजे मागच्या अंगणातली बुटकी खोली, वर पत्रे, आत चुलाण. बाळंतपण जवळ आलं की मैनाक्का शेणमातीचा गारा करून पत्र्याखालच्या फटी, भिंतीच्या चिरा, सगळं लिंपून काढायची. मुंगीलाही वाट ठेवायची नाही. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. मग कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, तिथंच बाज टाकायची, बाजेखाली पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं सरकवायचं, त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी करायची आणि दार घट्ट लावून घ्यायचं. दाराखालच्या फटीतसुद्धा ओलं पोतं कोंबायचं. आत बाळंतीण खोकायची, आणि बाहेर बायका म्हणायच्या, छान शेक लागून राह्यला.

थोरली लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा असंच केलं होतं. मैनाक्का न्हाऊ घालून, निखारे सारून, दार ओढून बाहेर आली होती. लीला आत होती. वच्छलाबाई दाराबाहेर उभी. आधी खोकणं ऐकू आलं, मग "माय, दार उघड" ऐकू आलं. वच्छलाबाईनं मैनाक्काकडे पाहिलं. मैनाक्का म्हणाली, "सगळ्याच म्हनतात तसं. उघडू नोको, वारा लागन." वच्छलाबाई थांबली. विचार करत थांबली. मग आतून काहीच ऐकू येईना तेव्हा तिनं दार उघडलं, लेकीला ओढून अंगणात आणलं. पण फार उशीर झाला होता. लीला अंगणातच गेली.

आणि गल्लीनं काय म्हणावं? मायनं मधातच दार उघडलं, ओल्या अंगाला वारा लागला, पोरगी गेली. मैनाक्कानं हे पहिल्यांदा म्हटलं आणि नंतर सगळ्यांनी म्हटलं. देवराव शेजाऱ्याच्या बायकोनं म्हटलं, नळावर म्हटलं, आठवडी बाजारात म्हटलं. पुंडलिकराव तोंडानं कधी बोलले नाहीत, पण नाही असंही कधी म्हणाले नाहीत. सहा वर्षं ती बाई आपल्याच लेकीला मारणारी म्हणून त्या गल्लीतून डोकं वर करून चालत होती. वर करूनच, बरं का! खाली घालून नाही. तिला पक्कं माहीत होतं की लीलाला वाऱ्यानं नाही, धुरानं मारलं. पण एकटीला माहीत असून उपयोग काय? ऐकतो कोण?

आता धाकटी मंदा पोटुशी होती. सासर बाभुळगावचं, आणि पहिलं बाळंतपण रितीप्रमाणे माहेरी. ती यायच्या आधीच मैनाक्कानं शेणमातीचा गारा भिजत घातला. तो गारा पाहिला आणि वच्छलाबाईच्या अंगाची लाही झाली.

पंखा तिनं यवतमाळला पाहिला होता. कोणाच्या तरी लग्नाचा बस्ता बांधायला गेली असताना एका खानावळीच्या मागच्या बोळातून जात होती, तर भिंतीतल्या गोल भोकातून धूर असा भसाभसा बाहेर येत होता की जणू आत कोणी हुक्का ओढतंय आणि भिंत सोडतेय. ती थेट खानावळीत शिरली. आत तीन भट्ट्या पेटलेल्या, आणि आचारी मजेत गाणं म्हणत कढईत भजी सोडतोय! डोळ्यांत पाणी नाही, खोकला नाही.

"हे काय आहे जी?" तिनं विचारलं.

"एक्झॉस्ट," आचारी म्हणाला. "उलटा पंखा. वारा देत नाही, धूर ओढून भाईर फेकते."

ती पुन्हा बोळात आली आणि त्या धुराच्या झोतात तोंड धरून उभी राहिली. बरोबरच्या बायकांना वाटलं हिला वेड लागलं. डोळे लाल झाले, नाक चोंदलं, आणि ही हसतेय! बस्ता राहिला बाजूला. येताना एस.टी.त तिच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पंखा होता, आणि कंडक्टरनं वर टपावर ठेवा म्हटलं तर ती त्याला म्हणाली, "तुमी बसा टपावर."

घरी आल्यावर जो तमाशा झाला तो काय सांगावा! पंखा म्हटलं की मैनाक्काला एकच समजत होतं, पंखा म्हणजे वारा. ज्या वाऱ्यानं पोरी मरतात तो वारा आता विकत आणून न्हाणीत सोडणार!

"एकीले दार उघडून मारलं," मैनाक्का ओरडली, "दुसरीले मशीन लावून मारतं का व? कशी माय हाय तू?"

वच्छलाबाई चूप राहिली नाही. ती कधीच राहत नसे. "मी कशी माय हाय ते मले ठाऊक हाय. तुमी फक्त सांगा, लीला दार उघडायच्या आधी चूप झाली का नंतर झाली? सांगा ना! तुमी होत्या ना तथी?"

मैनाक्का उत्तर देण्याऐवजी भावाकडे वळली. "पुंडलिक, ह्या घरात माह्या शब्दाले मान हाय का नाई, ते आजच सांग."

पुंडलिकराव सज्जन माणूस. सज्जन माणसांचा असा त्रास असतो की त्यांना दोन्हीकडचं पटतं. त्यांनी पगडी काढली, टक्कल खाजवलं, पगडी घातली. मग त्यांनी तोडगा काढला. पंखा लागू दे. पण बाळंतीण मैनाक्कानंच न्हाऊ घालायची, शेकायची, आणि वच्छलाबाईनं सव्वा महिना न्हाणीच्या आत पाऊल टाकायचं नाही. कारण मैनाक्काचं म्हणणं असं पडलं, की जिची एक लेक बाळंतपणात गेली तिचा हात दुसरीला लागू नये.

आपल्या पोटच्या लेकीला आपला हात लागू नये! हे ऐकून दुसऱ्या कोणी बाईनं डोकं आपटून घेतलं असतं. वच्छलाबाईनं दात आवळले. हात नाही तर नाही, धूर तरी निघेल. ती म्हणाली, "कबूल." आयुष्यात एकदाच ती बाई तडजोडीला कबूल झाली, आणि तीच चूक झाली.

सब्बल घातली ती त्यानंतर, कारण कबूल करूनही मैनाक्का भिंतीला चिकटलीच होती. असो. भोक पडलं, लखीरामनं लाकडी चौकट ठोकली, पंखा बसवला, वायर ओढून बटण दाराबाहेर लावलं. पलीकडच्या अंगणातून देवरावांचं डोकं वर आलं.

"वच्छलाबाई, हे बायंतिनीच्या न्हानीतलं वारं माह्या अंगनात सोडता काय? आमच्याकडे वड्या उन्हात वायू घातल्या हायेत. इटाळ होईन ना!"

"तुमच्या चुलीचा धूर रोज माह्या सैपाकघरात येते, देवराव. तो कोनत्या सोवळ्यातला असते?"

देवरावांचं डोकं खाली गेलं.

मग पंखा चालवून पाहायची वेळ आली. घमेल्यात ओल्या पऱ्हाट्या पेटवून आत ठेवल्या, दार ओढलं, लखीरामनं बटण दाबलं. पात्यांनी घर्र घर्र केलं आणि देवरावांच्या अंगणात धुराचा लोट गेला. वच्छलाबाई मात्र दाराकडे बघत होती. उंबऱ्यापाशी वेचणीच्या गाठोड्यातला कापसाचा एक पुंजका पडला होता. तो हलला. हळूहळू सरकत सरकत दाराखालच्या फटीतून आत गेला, जणू आतून कोणी ओढला.

"हे काहून झालं रे?" तिनं विचारलं.

"आतला धूर भाईर गेला ना याडी, मंग त्याच्या जागी भाईरची हवा आत जाईन. ह्या फटीतून जाते."

"आन् फट बुजवली तर?"

लखीराम हसला. "तर पंखा नुसता बोंबलन."

वच्छलाबाईनं हे मैनाक्काला तिथंच सांगितलं. एकदा नाही, तोंड दुखेपर्यंत सांगितलं. फटीत पोतं घालू नका. मैनाक्का धुण्याला साबण लावत होती, तिनं मान वरही केली नाही.

मंदा आली. दिवस भरले आणि घरातच सुखरूप मोकळी झाली. मुलगा झाला. पहिले दिवस नुसतं कोमट पाण्यानं अंग पुसणं झालं. पाचवीला मोठं न्हाणं आणि पहिला शेक.

त्या सकाळी मैनाक्कानं आधी बाळाला न्हाऊ घातलं आणि लपेटून दारातूनच वच्छलाबाईच्या हातात दिलं. उंबऱ्याच्या अलीकडे वच्छलाबाई, पलीकडे मैनाक्का. नातवाला बाहेर घ्यायला आजीचा हात चालतो, लेकीला आत लावायला चालत नाही. कुठलं शास्त्र आहे हे कोण जाणे! आतून मंदाचा आवाज आला, "माय, पंखा लाव व." वच्छलाबाईनं बटण दाबलं. घर्र सुरू झालं. या खेपेला बाहेरून कोणी दार उघडू नये म्हणून मैनाक्का आतच राहिली आणि तिनं दार लावून कडी घातली.

वच्छलाबाई बाळाला मांडीवर घेऊन दाराबाहेरच्या दगडावर बसली. पुंडलिकराव अंगणाच्या कडेला पऱ्हाट्या मोडत होते. आतून पाण्याचे तांबे ऐकू येत होते, मंदाचं "आत्या, लय कढत हाय व" ऐकू येत होतं, मैनाक्काचं "असंच लागते" ऐकू येत होतं. मग बाज ओढल्याचा आवाज आला, मग घमेलं सरकल्याचा. ओव्याचा वास आला. पंखा चालूच होता.

वच्छलाबाईनं ओटीतून कापसाचा पुंजका काढला आणि उंबऱ्यापाशी टाकला. पुंजका होता तिथंच राहिला.

तिनं बोटानं तो फटीजवळ ढकलला. तरी हलला नाही. वर पंखा घर्र घर्र करतोय आणि खाली कापूस ढिम्म.

"आक्का! फटीत पोतं घातलं का?"

"तू तुह्या जागी बस!" आतून मैनाक्का ओरडली. आवाज घोगरा होता.

"पोतं काढा, आक्का! पंखा ओढून नाही राह्यला. काढा म्हनते ना!"

"बायंतीन ओली हाय. वारा..." पुढचं खोकल्यात गेलं.

मग मंदा खोकायला लागली. बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "माय..."

एवढंच म्हणाली. पुढं दार उघड म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. पंख्याची घर्र तेवढी चालू.

"मंदा! ओ दे! मंदा! आक्का! आक्का, ओ द्या व!"

कोणीच ओ दिली नाही.

वच्छलाबाई उठली. पुंडलिकरावांच्या हातातली पऱ्हाटी गळून पडली होती. "वच्छले," ते म्हणाले, "घाईनं दार उघडू नोको. इचार कर. मागच्या खेपेले..."

"मागच्या खेपेले इचारच करत बसली होती मी!"

तिनं बाळ त्यांच्यापुढं धरलं. सोयर फिटेपर्यंत पुरुषानं बाळाला शिवायचं नाही, हीही त्या घरची रीत. पुंडलिकरावांचे हात पुढं येऊन थांबले.

"धरा! सोयर-सुतक मंग पाहू!"

त्यांनी धरलं. तिनं भिंतीशी टेकलेलं मुसळ उचललं आणि दारावर हाणलं. पलीकडून देवरावांचं डोकं आलं, त्यांच्या बायकोचं डोकं आलं. "अव वच्छलाबाई, काय करता व! अजून एकीले मारता काय?" ती बाई खरंच असं म्हणाली. वच्छलाबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या ठोक्याला कडीचा कोयंडा लाकडातून उपटला, पण दार उघडेना. आत उंबऱ्याशी काहीतरी जड होतं. खांदा लावून तिनं सगळं अंग दारावर टाकलं, तेव्हा कुठं माणूस जाईल एवढी फट झाली.

ते जड काय होतं? मैनाक्का होती. पोत्यावरच कोसळली होती, एक हात कडीकडे वर केलेला. तिला कडी काढायची होती, पण हात पोचला नव्हता.

वच्छलाबाई तिला ओलांडून आत गेली. होय, ओलांडून! आधी लेक. बाजेवर मंदा मान टाकून पडली होती, ओठ काहीतरीच रंगाचे झालेले. वच्छलाबाईनं घमेलं लाथेनं चुलाणात ढकललं, मंदाच्या काखांत हात घातले आणि ओल्या अंगानं, मोकळ्या केसांनी तिला फरफटत अंगणात आणलं. मग परत गेली आणि मैनाक्काला पायाला धरून ओढलं. पायाला का तर पायच हाताला लागले. तेव्हा कोणाचे पाय धरतोय याचा विचार करायला तिला सवड नव्हती.

बाहेर थंडीचे दिवस होते आणि वारं सुटलं होतं. लुगड्यानं लेकीचं अंग झाकून वच्छलाबाईनं तिचं तोंड वाऱ्याच्या बाजूला केलं. गालावर चापट्या मारल्या. "मंदे! ए मंदे! श्वास घे! घे म्हनते ना! लागू दे वारा, लागू दे, काय होते ते पाहू! घे!"

देवरावांची बायको भिंतीपलीकडे तोंडावर पदर धरून उभी होती. पुंडलिकराव बाळ छातीशी धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. असा जीव घेणारा वेळ त्या अंगणात एकदा गेलेलाच होता, तो पुन्हा चालला होता.

मग मंदाच्या घशातून घरघर आली. एक आचका. मग असा खोकला आला की तिचं सगळं अंग वाकलं. तिनं ओकून टाकलं आणि म्हणाली, "माय, डोकं लय दुखून राह्यलं व."

डोकं दुखतंय म्हटल्यावर इतकी आनंदानं वेडी झालेली बाई कोणी पाहिली नसेल. वच्छलाबाई हसायला लागली, मोठ्यानं, शिव्या देत, रडत. "दुखू दे! दुखू दे माही बाय! दुखू दे!"

मैनाक्काला शुद्ध यायला त्याहून उशीर लागला. ती उठून बसली तेव्हा अंगणात वाऱ्यानं केस उडत असलेली मंदा बाळाला पाजत होती. मैनाक्का तिच्याकडे बघतच राहिली. कोणीतरी पाणी दिलं, ते प्यायली.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीत वच्छलाबाई गेली. कोणाला विचारून गेली नाही. निखारे इवलेसे, दार सताड उघडं, पंखा चालू. मैनाक्का बाहेरच्या दगडावर बसून असे. दोन-चार दिवस असेच गेले. मग एकदा मंदाला आत झोपवून वच्छलाबाई बाहेर आली, तर मैनाक्का खाली मान घालून म्हणाली, "वच्छले, अंदर माहा आवाजच निघेना. तुह्या हाका ऐकू येऊन राह्यल्या होत्या, पन ओ देता येईना." मग ती पुटपुटली, "लीलाचंबी असंच झालं असन. तिले वारा नव्हता लागला."

सहा वर्षं हे ऐकायला ती बाई आसुसली होती. कोणी समजेल की तिनं आता मैनाक्काच्या गळ्यात पडावं. छे!

"मले काय सांगता?" वच्छलाबाई म्हणाली. "मले ठाऊकच हाय. मारलं म्हनून गल्लीभर सांगलं ना तुमी? मंग हेबी गल्लीलेच सांगा."

आणि बादली उचलून निघून गेली. आता याला कोणी कठोर म्हणो. मी म्हणणार नाही.

बारशाला गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. पाळणा बांधला, नाव ठेवलं, ओट्या भरल्या. वच्छलाबाई परात काखेत घेऊन घुगऱ्या वाटत होती. बायकांची आपसांत कुजबुज चालली होती, आणि कुजबुज म्हणजे काय, परातीपर्यंत ऐकू येईल अशीच. बाळंतीण उघड्या दारानं शेकतात म्हणे. मशीन लावलं म्हणे. देवरावांची बायको सगळ्यांत पुढं. "नशीब म्हना पोरीचं," ती म्हणाली, "नाही तर लीलाचं काय झालं ते पाह्यलंच ना आपन. मायनंच दार..."

"माय काय करन!"

मैनाक्काचा आवाज होता. घसा अजून बसलेला, पण आवाज तोच, हुकूम सोडणारा. बायकांच्या माना तिकडं वळल्या. मैनाक्का भिंतीला धरून उठली. सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. बारशाच्या घोळक्यात विधवेनं मधोमध येऊ नये हे तिनंच त्या गल्लीला शिकवलं होतं.

"ऐका व, नीट ऐका. लीलाले मायनं नाही मारलं. दार मी लावलं होतं. फटीत पोतं मी घातलं होतं. पोरगी धुरानं गेली, आन् मी सहा वर्सं खोटं बोलली. मायनं तर दार उघडलं होतं. तिनं एकटीनंच उघडलं होतं."

पाळण्यात बाळ तेवढं कुरकुरलं.

वच्छलाबाई परात घेऊन तशीच उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हनुवटीवरून परातीत पडत होतं, पण मान खाली गेली नव्हती. सहा वर्षांत गेली नव्हती तर आज कशाला जाईल? ती सरळ देवरावांच्या बायकोपुढं जाऊन थांबली.

"घ्या व बाई," ती म्हणाली, "ओटी पसरा. आन् उद्या नळावर जासान तवा हेबी सांगजा."